आजोबांच्या माळ्यावरची हत्यारे

प्रश्न गोव्यातल्या प्रियोळहून आला आहे. आजोळचे मातीच्या भिंतींचे घर उतरवून नवे बांधायचे ठरले. माळा मोकळा करताना आजोबांची सुतारकामाची पेटी मिळाली. तिच्यात दोन वाकस (लाकूड तासायची हत्यारे), सहा-सात पटाश्या, तीन रंधे, एक सामता (भोके पाडायचे हत्यार) आणि चंद्रकोरीसारख्या पात्याचे एक गंजके हत्यार होते. देवघरामागे कोरीव कामाच्या दोन लाकडी पट्ट्या आणि एक हस्तिदंती फणी सापडली, परसात मधोमध गुळगुळीत खळगा असलेला एक दगड. आजोबांचे धाकटे भाऊ अजून आहेत, वय ८४. हे सगळे किती जुने, किंमत काय, पॉलिश करावे का, आणि पुढे अशा वस्तू जमवायच्या तर सुरुवात कुठून करावी, असे विचारले आहे.

मी अंत्रुजातलाच, म्हणजे फोंड्याकडचा. तीस वर्षे मुलांना सुतारकाम शिकवले आणि जवळपास तितकीच वर्षे जुनी हत्यारे गोळा केली. त्यामुळे पेटीचे वर्णन वाचूनच हात शिवशिवले.

किमतीचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. गावच्या लोहाराने घडवलेल्या हत्याराला बाजारात भंगाराच्या भावापेक्षा थोडेच जास्त मिळते. रंधा किंवा सामता शोभेसाठी घेणारे गिऱ्हाईक भेटले तर काही अधिक. कोरीव लाकडाला मात्र मागणी फार, आणि म्हणूनच नकली माल, चोरीचा माल आणि कायद्याची गुंतागुंत हे सगळे त्याच बाजूला साचले आहे. साध्या मिळकतीच्या माणसाने संग्रह करायचा तर हत्यारांचा करावा. मी तसाच केला, आणि त्यात मला काही कमी पडले आहे असे कधी वाटले नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. काहीही धुऊ नका, घासू नका, तेल लावू नका, पॉलिश तर अजिबात नको. पेटी जशी उघडली तशी, वस्तू जागच्या न हलवता, वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढा. कुठली पटाशी कुठल्या कप्प्यात होती, कशाला चिंधी गुंडाळली होती, तळाशी भुसा होता का, हे सगळे टिपून ठेवा. चिंधीसुद्धा टाकू नका. तेलात भिजवलेली चिंधी धारेभोवती गुंडाळलेली असेल, तर ते हत्यार शेवटपर्यंत कामात होते आणि मालक त्याला जपत होता, एवढे त्या चिंधीवरून कळते.

हे इतके ठासून सांगतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एक नुकसान करून बसलो. डिचोलीकडच्या एका घरातून मिळालेली रुंद पटाशी मी उत्साहात तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केली. गंज गेला, आणि त्याच्याबरोबर मुठीजवळचा शिक्काही गेला. त्या जागी अक्षरांचे दोन-तीन पाय तेवढे उरले आहेत. ती पटाशी कोणी, कुठे बनवली, हे आता कधीच कळणार नाही. माझ्या कपाटात ती समोरच ठेवली आहे.

शिक्क्याला एवढे महत्त्व का, तर गोव्यातल्या जुन्या पेटीत साधारणपणे दोन कुळांची हत्यारे सापडतात. एक गावच्या लोहाराने घडवलेली, दुसरी बाहेरून आलेली. इथले सुतार कामाला मुंबईला जात, कोणी बोटीवर, कोणी आफ्रिकेत. परतताना इंग्रजी पटाश्या आणि रंध्याची पाती पेटीत घालून आणत. अशा पात्यावर रोमन अक्षरांत ‘कास्ट स्टील’ असे कोरलेले असेल तर ते बहुधा शेफिल्डचे. तिथे बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे कारखानदार हे शब्द अभिमानाने पात्यावर ठोकत राहिले. नुसते ‘इंग्लंड’ लिहिलेले असेल तर वस्तू बहुतेक १८९१ नंतरची, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले आणि कारखान्यांनी तो शिक्का सरसकट वापरायला घेतला. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण वाक्य असेल तर आणखी अलीकडची, साधारण पहिल्या महायुद्धानंतरची. शिक्का वाचायला घासावे लागत नाही. अंधाऱ्या खोलीत पात्याच्या अगदी कडेने, आडवा टॉर्च मारा. सावल्या पडतात आणि अक्षरे उठून दिसतात. त्याच उजेडात फोटो घ्या.

गावच्या लोहाराच्या हत्यारावर शिक्का नसतो. ते वाचायची जागा वेगळी. जुन्या काळी पोलाद महाग, म्हणून अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टीत तापवून, ठोकून बसवायची. अशा वाकसाच्या किंवा कोयत्याच्या धारेच्या बाजूने नीट पाहिले तर दोन धातूंमधली रेघ दिसते, कधी सरळ, कधी नागमोडी. खात्री करायची तर एका कोपऱ्यात बारीक कानस हलकेच लावून बघा. धारेवर ती घसरते, अंगावर चावते. पुढे मोटारी आल्या, लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे भंगारात मिळू लागले, आणि लोहार अख्खे पातेच त्यातून काढू लागले. ते सगळीकडे सारखेच कठीण असते आणि त्यात रेघ सापडत नाही. म्हणजे रेघ दिसली तर हत्यार जुन्या पद्धतीचे, एवढे नक्की म्हणता येते. नेमके साल त्यावरून सांगता येत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्याच्याकडून वस्तू घेऊ नका.

सालापेक्षा मला झीज जास्त सांगते. वाकसाची मूठ पाहा. जिथे मागचा हात धरायचा तिथे लाकूड काळसर, गुळगुळीत आणि किंचित खोलगट झालेले असते. धारेचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त झिजला असेल तर मालक कुठल्या हाताने काम करायचा, हे कळते. रंधा उलटा करून त्याचे तोंड पाहा. वर्षानुवर्षे लाकूड ओढून तोंड रुंद होते, मग सुतार तिथे कठीण लाकडाचा छोटा तुकडा चपखल बसवतो. तो तुकडा दुरुस्तीचा आहे म्हणून नाक मुरडू नका. ती दुरुस्ती म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातली एक दुपार आहे. मूठ नवी आणि पाते जुने असे तर नेहमीच असते. हत्यार वापरातले होते, मुठी तुटणारच. मूठ कशाची आहे तेही पाहा, खैराची, जांभा नावाच्या झाडाची की घराजवळच्या फणसाची. हाताशी जे लाकूड होते ते लोकांनी वापरले, आणि त्यावरून हत्यार कुठल्या भागात वावरले याचा अंदाज बांधता येतो.

चंद्रकोरीसारख्या पात्याचे म्हणालात, तो फोटो पाहिला. ती काती आहे, रेंदेराची. माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर कमरेला ती अडकवून, दुदिणें (सूर भरायचे भांडे) घेऊन माडावर चढतो आणि पोईचे, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचे, टोक रोज पातळ पातळ कापतो. म्हणून काती वस्तऱ्यासारखी धारदार लागते आणि तिचे पाते रुंद, बाकदार असते. आता सुताराच्या पेटीत काती का? मूठ बसवायला कोणी दिली आणि न्यायला आलाच नाही, असे झाले असेल. किंवा घरातच कोणी रेंदेर असेल. हा प्रश्न फक्त धाकटे आजोबा सोडवू शकतात. त्यांच्याकडे मी शेवटी येतो.

नाव आणि काम माहीत नसेल तर वस्तू किती मुकी होते, ते एका वाकसावरून सांगतो. पाते आडव्या अंगाने पन्हळीसारखे वळलेले, मूठ आखूड. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात मिळाला. सुतारकाम शिकवणारा मी, तरी त्याचा उपयोग मला सांगता येईना. वहीत ‘बाकदार वाकस’ एवढेच लिहून ठेवले आणि चार वर्षे तो भिंतीवर टांगलेला राहिला. मग मांडवीकाठच्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याला दाखवला. त्याने तो हातात घेतला, जमिनीवर उकिडवा बसला, दोन्ही पाय फाकवले आणि न बोलता हवेत चार घाव घातले. आंब्याच्या एका खोडातून होडी पोखरायची तर आतल्या बाजूला सरळ पाते लाकडात रुतते, पन्हळीचे पाते ढलपी काढून बाहेर येते. घाव पायांच्या मधोमध, स्वतःकडे यायचा. त्याने मग खोड कधी तोडायचे, पोखरलेली होडी आगीच्या धगीने कशी रुंदावायची, फटीत काय भरायचे, हे सगळे सांगितले. मी तासभर लिहीत होतो. त्या वाकसाची किंमत मी दोनशे रुपये दिली होती. त्या तासाची किंमत करता येत नाही. तो माणूस आता नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. वस्तू घेताना तिचे इथले नाव, वापरणाऱ्याचे गाव आणि काम करायची पद्धत मिळाल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असे मानायचे नाही. नाव तोंडी आले तसेच लिहायचे, कोकणी असो की मराठी, शुद्ध करायच्या भानगडीत पडायचे नाही. खोवायच्या विळीला आपल्याकडे आदोळी म्हणतात, पहारीला पारंय म्हणतात. दोन गावे ओलांडली की उच्चार बदलतो, आणि तो बदलसुद्धा नोंदीत यायला हवा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, आधी वर्ष, मग अनुक्रमांक. क्रमांक थेट लाकडावर किंवा लोखंडावर लिहू नका. न दिसणाऱ्या जागी पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, तो वाळला की वर बारीक शाईने क्रमांक, वर आणखी एक ठिपका. कधी काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. वही मात्र कागदाचीच ठेवा. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात.

कोरीव पट्ट्यांकडे वळतो. इथे घाई करू नका. गोव्यात सागवानाचे आणि शिसवीचे कोरीव काम खूप झाले. घरांच्या चौकटी, देव्हारे, देवळांचे सभामंडप, चर्चच्या वेदी, सगळीकडे. आणि जुनी वाटावी अशी नवी कोरीव पट्टी बनवणे आज सोपे आहे. पोटॅशियम परमँगनेटचे पाणी, चहाचा काढा, बुटाचे पॉलिश, वर थोडा धूर. एका दुकानात मी स्वतः फसलो आहे, म्हणून पुढच्या खुणा अनुभवाच्या आहेत.

मागची बाजू आधी बघा. पुढून सगळेच सुंदर दिसते. मागे हाताच्या करवतीच्या खुणा असतील तर त्या सरळ पण अंतराने कमीजास्त असतात, कारण माणसाचा दम कमीजास्त होतो. कमानीसारख्या एकसारख्या रेघा असतील तर लाकूड गिरणीतल्या गोल करवतीवर कापलेले आहे. वाकसाने तासलेली पाठ उथळ खळग्यांची असते, बोट फिरवले की लाटा लागतात. मग खिळे. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी, निमुळता, डोक्यावर ठोक्यांचे पैलू. गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडून पुढे सर्वत्र पसरला. स्क्रू असेल तर काढून पाहा. टोक बोथट आणि खाच मध्यापासून सरकलेली असेल तर तो १८५० च्या सुमाराच्या आधीचा असू शकतो. टोकदार स्क्रू त्यानंतरचे. अर्थात एक नवा खिळा दिसला म्हणून पट्टी नवी ठरत नाही, शंभर वर्षांत कोणी दुरुस्त केली असेल. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात का ते बघा.

किड्याची भोके ही माझी आवडती परीक्षा. खऱ्या भुंग्याने पाडलेले बाहेर पडायचे भोक गोल, दीड-दोन मिलिमीटरचे, आणि आत बोगदा वेडावाकडा वळतो. बारीक तार घालून पाहा, ती लगेच अडते. ड्रिलने पाडलेल्या भोकात सरळ जाते. आणि पृष्ठभागावर जर बोगदेच उघडे पडलेले, लांबलचक चर दिसत असतील, तर सावध व्हा. किडा लाकडाच्या आत राहतो, वर उघड्यावर चर पाडत नाही. म्हणजे लाकूड आधी किडले आणि नंतर कापून कोरले गेले. जुन्या तुळईतून नवी मूर्ती काढण्याचा हा उद्योग चालतो. कातीव कामाची, म्हणजे फिरवून गोल तासलेली वस्तू असेल, डबी किंवा खांबाचा गोळा, तर दोन दिशांनी व्यास मोजा. लाकूड रेषेच्या आडवे जास्त आकसते, उभे जवळजवळ नाही. जुनी गोल वस्तू किंचित अंडाकार झालेली सापडते.

तुमच्या पट्ट्यांच्या मागे चुन्याचे डाग आणि एका टोकाला कूस, म्हणजे खाचेत बसवायचे टोक, दिसते आहे. म्हणजे त्या कुठल्यातरी मोठ्या रचनेत बसवलेल्या होत्या. घराचा जुना देव्हारा असेल तर काही प्रश्न नाही. पण देवळातून आल्या असतील, तर थांबा. गेल्या काही दशकांत कितीतरी देवळांचे लाकडी मंडप उतरवून सिमेंटचे झाले, आणि कोरीव खांब, पट्ट्या, दरवाजे विकले गेले किंवा नुसतेच नाहीसे झाले. आपल्याकडची देवस्थाने महाजनांची, म्हणजे देवळाच्या परंपरागत हक्कदार कुटुंबांची, १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या नियमावलीखाली येणारी, आणि मामलेदार त्यांचा प्रशासक. महाजनांचा ठराव नसताना कोणी ‘देवळातली जुनी वस्तू’ विकायला आणली तर ती त्याची नाहीच. मी अशी वस्तू घेत नाही, कितीही मोह झाला तरी. घरात आधीपासून असेल तर देवस्थानाशी बोला. एका कुटुंबाने दोन खांब परत दिले, तेव्हा त्या गावाने ते नव्या मंडपात दर्शनी लावले. मी ते जाऊन पाहिले आहेत.

कायदा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण इथे तो समजून घ्या. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची, धर्माची, रीतिरिवाजाची, इतिहासाची कुठलीही वस्तू, इमारतीपासून सुटलेला भागसुद्धा, पुरावस्तू ठरतो. हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. अशी वस्तू घरात ठेवायला बंदी नाही. दगड, माती, धातू, हस्तिदंत, हाड, लाकूड यांतली मूर्तिशिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते, आणि हातबदल झाला तर कळवावे लागते. विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. वस्तू घेताना दुकानदाराला परवाना विचारायला लाजू नका. साध्या वाकसाला, नांगराला नोंदणी लागत नाही.

देशाबाहेर नेण्याला मात्र सक्त मनाई आहे, आणि गोव्यात हा मुद्दा घरोघरी येतो. लिस्बनला किंवा लंडनला असलेला भाऊ सुट्टीत येतो आणि आजोबांची आठवण म्हणून काहीतरी बॅगेत घालतो. शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला बाहेर नेताच येत नाही, त्यासाठी कैदेची शिक्षा आहे. वस्तू शंभर वर्षांपेक्षा अलीकडची असेल आणि दिसायला जुनी असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा, मग विमानतळावर त्रास होत नाही.

फणीचे वेगळे. हस्तिदंत वन्यजीव कायद्याखाली येतो. देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ पासून बंद आहे, आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ पासून. विकू नका, विकत घेऊ नका, कोणाला भेटही देऊ नका, आणि वन खात्यात जाऊन तिच्याबद्दल विचारा. ती खरोखर हस्तिदंताची आहे का, हे भिंगाने पाहता येते. आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. हाडात तशी जाळी नसते, काळसर ठिपके आणि बारीक रेघा असतात. जुन्या सुऱ्यांच्या मुठी सांबरशिंगाच्या असतात, त्यांनाही हाच कायदा लागतो.

परसातला दगड पाहून तुम्हाला ‘प्राचीन उखळ’ वाटले. फोटो मोठा करून पाहिला. खळगा वाटीएवढाच, आतून आरशासारखा गुळगुळीत आणि त्यात गोल गोल वलये. कुटण्याच्या खळग्यात वलये नसतात, ठोके असतात. हा जुन्या दाराचा दगड आहे. बिजागऱ्या येण्याआधी दाराच्या फळीला खाली-वर खुंट असायचे, खालचा खुंट अशा खळग्यात फिरायचा. रोज दार उघडून-मिटून पिढ्यान्‌पिढ्या ती वलये उमटली. मला तर तो उखळापेक्षा जास्त आवडला. नवीन घराच्या पायरीशी ठेवा, पण सिमेंटमध्ये पुरू नका.

तरीही, खऱ्या अश्मयुगीन हत्यारांबद्दल दोन शब्द हवेतच, कारण दूधसागर-खांडेपारच्या खोऱ्यात ती मिळालेली आहेत आणि नदीकाठी फिरणारी तरुण मुले आता मुद्दाम शोधत जातात. माणसाने फोडलेल्या दगडी छिलक्यावर घाव पडलेल्या जागेखाली एक फुगवटा असतो आणि त्यापासून शिंपल्यासारख्या लाटा पसरतात. कडा एकाच दिशेने, लयीत, एकामागून एक फोडलेल्या असतात. नदीत आपटून फुटलेल्या गोट्याच्या कडा कशाही फुटतात आणि नंतर गोलावतात. ओळखता आले की आनंद होतो, पण उचलून घरी आणू नका. दगडाचे हत्यार ज्या थरात, ज्या इतर दगडांबरोबर पडले आहे, तिथेच त्याला अर्थ आहे. फोटो घ्या, जागा नोंदवा, राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत सापडलेल्या कशालाही हाच न्याय. २०२५ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या नानोड्याला काजूच्या बागेत काम करताना तांब्याच्या जुन्या नाण्यांचा साठा सापडला, आठशेहून अधिक नाणी, आणि ती सरकारच्या ताब्यात देण्यात आली. बातमी वाचून मला फार बरे वाटले होते.

कोरलेल्या खडकांच्या बाबतीत तर विचारूच नका. कुशावतीकाठी उसगाळीमळला, पणसायमळच्या जांभ्यावर, बैल, हरणे, मोर, ते गोल चक्रव्यूहासारखे चित्र, हे सगळे १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आले. आधी ते वाळू-मातीखाली होते. तिथे जाऊन पाहा, मुलांना न्या, सकाळी लवकर जा म्हणजे तिरप्या उन्हात रेघा उठतात. खडूने रेघा भरू नका, पाणी ओतू नका, वर पाय देऊ नका. मी तिथे माणसांना बूट घालून फोटो काढताना पाहिले आहे आणि त्यांच्याशी भांडलोही आहे.

फोटो आणि नोंदी पूर्ण झाल्यावरच्या जपणुकीकडे येतो. गोव्यात संग्रहाचा शत्रू एकच, पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर राहतो, आणि समुद्राजवळ त्यात मीठ असते. हत्यारे जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटे अंतर सोडा. लोखंडावरची सैल पापुद्र्याची माती मऊ ब्रशने काढा, इतकेच. गंज वाढत असेल तर हिरड्याचा दाट काढा गाळून लावा. त्यातल्या टॅनिनने गंजाचा निळसर काळा, स्थिर थर बनतो. पूर्ण वाळला की मधमाशांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ हात द्या. शिक्क्याच्या जागी काढासुद्धा जपून.

लाकडाला खोबरेल लावायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. खोबरेल कधी वाळत नाही, चिकट राहते, धूळ धरते आणि पावसात त्यावर बुरशी येते. मुठीला जवसाचे तेल, अगदी थोडे, चिंधीने लावून उरलेले पुसून घ्यावे. आणि ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवा. रंगीत, सोनेरी किंवा चित्र काढलेल्या लाकडाला मात्र घरी काहीच करू नका.

ताजा भुसा गळताना दिसला तर आत किडा जिवंत आहे. छोटी, रंग नसलेली लाकडी वस्तू प्लास्टिकमध्ये दोनदा घट्ट गुंडाळून, आतली हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दंव लाकडावर धरते. रॉकेल ओतण्यापेक्षा हे बरे. वाळवीला फ्रीजर नव्हे, तिची वाट शोधावी लागते, जमिनीतून भिंतीवर चढलेली.

पुढे संग्रह करायचा म्हणता, तर आधी डोळे तयार करा. बाणावलीचे गोवा चित्र संग्रहालय पाहा. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी २००९ मध्ये ते उघडले. शेतीची अवजारे, घाणे, मापे, गाड्या, सगळे कामाच्या संदर्भात मांडलेले आहे. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व संग्रहालय १९६४ पासूनचे. तिथल्या वीरगळांवर कोरलेल्या नौका आणि शस्त्रे बघताना मला नेहमी वाटते की त्या शिल्पकाराच्या छिन्न्या कशा असतील. म्हापशाचा शुक्रवार सोडू नका. आणि सगळे जमवू नका. एकच धागा धरा, सुताराची हत्यारे, नाहीतर माडाची, नाहीतर धान्याची मापे, कुडव-पायलीपासून खाली. एका धाग्यावर पन्नास वस्तू झाल्या की त्या एकमेकींशी बोलू लागतात. मी पहिली सहा वर्षे दिसेल ते घेतले, आणि त्यातले निम्मे नंतर ज्यांना हवे होते त्यांना देऊन टाकले.

कोणाच्या घरी विचारायला गेलात आणि त्यांनी ‘दसऱ्याला पुजतो, देता येत नाही’ असे म्हटले, तर पुन्हा विचारू नका. आयुधपूजेला मांडलेली हत्यारे जिथे आहेत तिथेच सर्वात सुरक्षित आहेत. फोटो आणि नाव मागा, तेवढे लोक आनंदाने देतात.

आता धाकटे आजोबा. ८४ वर्षांच्या माणसासाठी ‘सवडीने जाऊ’ म्हणू नका, या रविवारी जा. यादी वाचून दाखवू नका, पेटीच घेऊन जा. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, आणि प्रश्न विचारण्याआधी एक वाकस त्यांच्या हातात द्या. हात कुठे बसतो ते पाहा. मुठीवरच्या काळ्या, खोलगट जागेवर बोटे आपोआप गेली तर ते हत्यार त्यांनीही चालवलेले आहे. मग काती द्या, आणि ती पेटीत कशी आली ते विचारा. कळले की मलाही सांगा.